खालून आलेलं पाणी : याकोबशाव्हन हिमनदीचं प्रकरण

१९९७ च्या आधी याकोबशाव्हन हिमनदीची काळजी करावी असं फारसं काही दिसत नव्हतं. पश्चिम ग्रीनलंडमध्ये ही हिमनदी समुद्राला मिळते, तिथे तिचं सुमारे १५ किलोमीटर लांबीचं टोक पाण्यावर तरंगत होतं. विसाव्या शतकाच्या मध्यापासून ते थोडंफार पुढेमागे होत जवळपास एकाच जागी टिकून होतं. १९८५ च्या तुलनेत १९९२ साली हिमनदीचा वेग उलट कमीच झाला होता, वर्षाला सुमारे ५.७ किलोमीटर. विमानातून लेझरने घेतलेल्या मोजमापांत तिचं तोंड किंचित जाड होताना दिसत होतं. मग १९९८ पासून ते तरंगतं टोक तुटत गेलं. २००३ च्या मध्यापर्यंत ते जवळजवळ नाहीसं झालं आणि वेग दुपटीच्या पुढे गेला, वर्षाला १२.६ किलोमीटर.

ग्रीनलंडच्या हिमचादरीचा सुमारे सहा ते सात टक्के भाग या एका हिमनदीच्या वाटेने समुद्रात उतरतो. स्थानिक लोक तिला सर्मेक कुजालेक म्हणतात. तिच्या फ्योर्डच्या, म्हणजे उंच कडांमधून आत गेलेल्या खोल अरुंद खाडीच्या, मुखाशी इलुलिसाट हे गाव आहे. या फ्योर्डला २००४ मध्ये जागतिक वारशाचा दर्जा मिळाला.

ठाण्यातल्या आमच्या अभ्यासगटात एका वेळी एकच घटना घेऊन ती मुळापासून उलगडायची, असा प्रघात आहे. या खेपेला मी ही हिमनदी घेतली. गटात कळव्याच्या शाळेत भूगोल शिकवणाऱ्या एक बाई आहेत, नवी मुंबईत पावसाळी पाण्याच्या निचऱ्याची कामं केलेले एक निवृत्त अभियंता आहेत, कॉलेजची काही मुलं आहेत आणि चेंदणी कोळीवाड्यातले एक नाखवा आहेत. त्यांचे प्रश्न ज्या क्रमाने आले, साधारण त्याच क्रमाने हे प्रकरण लिहिलं आहे. तो क्रम माझ्या टिपणांतल्या क्रमापेक्षा चांगला होता.

पहिला संशय हवेवर

बाईंनी लगेच सांगितलं, "हवा तापली, बर्फ वितळला, यात शोधायचं काय?" त्या काळी अनेक अभ्यासकांनाही हवेच्या बाजूचंच एक कारण दिसत होतं, फक्त जरा आडवळणाने. उन्हाळ्यात हिमचादरीच्या पृष्ठभागावर पाण्याची तळी साचतात. ते पाणी बर्फातल्या उभ्या विवरांमधून तळाशी जातं, बर्फ आणि खडक यांच्यामध्ये पसरतं, आणि वरचा बर्फ अधिक सहज घसरू लागतो. २००२ मध्ये याच परिसरातल्या मोजमापांवर आधारलेला एक महत्त्वाचा अभ्यास प्रसिद्ध झाला. उन्हाळी वितळणं वाढलं की बर्फाचा वेग वाढतो, हे त्यात स्पष्ट दिसलं होतं.

ते खरंच आहे, पण याकोबशाव्हनचं कोडं त्याने सुटत नाही. तळाशी पाणी शिरल्यामुळे येणारा वेग उन्हाळ्यापुरता असतो, हिवाळ्यात तो ओसरतो. याकोबशाव्हन मात्र हिवाळ्यातही आपल्या जुन्या वेगावर परतली नाही. शिवाय ज्या भागांत बर्फाची कड जमिनीवरच संपते, समुद्राला लागतच नाही, तिथे वेग असा दुप्पट झाला नाही. हवा दोन्हीकडे तीच होती, फरक होता तो समुद्राचा. मला या प्रकरणातला हा सगळ्यात शिकण्यासारखा टप्पा वाटतो. खरं असलेलं कारणही अपुरं असू शकतं, आणि ते किती अपुरं आहे हे कळायला तुलनेसाठी दुसरी जागा लागते.

कोळंबीच्या जाळ्याला बांधलेला तापमापक

समुद्राकडे बोट दाखवायचं तर १९९० च्या दशकातलं खोल पाण्याचं तापमान हवं. हिमनदीसाठी म्हणून कुणी ते सलग मोजलं नव्हतं. ते मिळालं मासेमारीच्या नोंदींमध्ये.

ग्रीनलंडच्या अर्थव्यवस्थेत कोळंबीला मोठं स्थान आहे. कोळंबीचा साठा किती उरला आहे हे ठरवण्यासाठी तिथली नैसर्गिक संसाधन संस्था दर वर्षी ट्रॉलरने पश्चिम किनाऱ्याची पाहणी करते. जाळं तळावरून ओढलं जातं आणि त्याला तापमापक बांधलेला असतो, कारण कोळंबी कुठे सापडेल हे तळाच्या तापमानावर बरंच अवलंबून असतं. १९९१ पासूनच्या या नोंदी समुद्रशास्त्रज्ञ डेव्हिड हॉलंड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हिमनदीच्या प्रश्नासाठी वाचल्या आणि २००८ मध्ये निष्कर्ष मांडला. इलुलिसाटसमोरच्या डिस्को उपसागरात तळाजवळच्या पाण्याचं तापमान १९९५ मध्ये सुमारे १.७ अंश सेल्सियस होतं. १९९८ मध्ये ते सुमारे ३.३ अंश झालं. मोठी उडी होती १९९७ मधली, आणि ती एका उपसागरापुरती नव्हती. पश्चिम किनाऱ्याच्या लांबच लांब पट्ट्यात ती दिसत होती. तरंगतं टोक विरू लागलं ते त्याच सुमारास.

हे ऐकून नाखवा म्हणाले, "वरचा पानी बगून खालचा कलत नाय. जाला तली गेला का कलतं." त्यांच्या दृष्टीने यात नवल काहीच नव्हतं. मासा ज्या पाण्यात असतो ते पाणी मोजायचं, हा त्यांचा रोजचा व्यवहार. मला मात्र पुन्हा पुन्हा वाटतं, की या पाहण्या दर वर्षी न चुकता झाल्या नसत्या तर हे प्रकरण आजही अंदाजावरच चाललं असतं.

ऊबदार पाणी आलं कुठून? आइसलँडजवळच्या इर्मिंजर समुद्रातून. अटलांटिकचं तुलनेने ऊबदार आणि खारट पाणी तिथून ग्रीनलंडच्या दक्षिण टोकाला वळसा घालून पश्चिम किनाऱ्याने उत्तरेकडे जातं. १९९५–९६ च्या हिवाळ्यात उत्तर अटलांटिकवरच्या वाऱ्यांचा ढंग एकाएकी बदलला. तिथल्या हवेच्या दाबातला चढउतार 'उत्तर अटलांटिक आंदोलन' या निर्देशांकाने मोजतात. तो ठळक धन बाजूवरून ऋण बाजूला गेला. वाऱ्यांचा जोर घटला, त्यांच्या जोरावर गोल फिरणारा तिथला मोठा समुद्री प्रवाह सैलावला आणि ऊबदार पाणी पश्चिमेकडे पसरलं. म्हणजे याकोबशाव्हनच्या तोंडाशी जे घडलं त्याची सुरुवात हजारो किलोमीटर दूरच्या वाऱ्यात झाली होती.

ऊबदार पाणी खाली का राहतं

कॉलेजच्या एका मुलीने बरोबर अडवलं. गरम पाणी हलकं, मग ते वर यायला हवं. इथे ते खाली कसं?

ठाण्याच्या खाडीकाठी राहणाऱ्यांना हे समजायला जड जाऊ नये. पावसाळ्यात उल्हास नदीच्या बाजूने आणि नाल्यांतून गोडं पाणी उतरतं तेव्हा ते खाऱ्या पाण्याच्या वरून वाहू पाहतं, कारण मिठामुळे खारं पाणी जड असतं. आपल्याकडे भरती-ओहोटीचा जोर इतका, की हे थर लवकरच घुसळून निघतात. ग्रीनलंडच्या खोल फ्योर्डमध्ये ते टिकतात. शून्याच्या आसपासच्या तापमानात पाण्याचा जडपणा ठरवण्यात मिठाचा वाटा उष्णतेपेक्षा बराच मोठा असतो. त्यामुळे ध्रुवाकडून आलेलं थंड पण कमी खारट पाणी वर राहतं आणि अटलांटिकचं ऊबदार पण जास्त खारट पाणी त्याच्या खाली. उपग्रहाला दिसतो तो वरचा थंड थर. हिमनदीचा पाया असतो तो खालच्या थरात.

त्यात तळाच्या उंचसखलपणाची भर. फ्योर्ड आत सुमारे ८०० मीटर खोल आहे, पण मुखाशी तळ उंचावला आहे आणि तिथे खोली जेमतेम अडीचशे मीटर. मोठे हिमनग याच उंचवट्यावर अडकून बसतात. बाहेरचं पाणी आत शिरतं ते या उंचवट्यावरूनच. म्हणून डिस्को उपसागरात साधारण २५० मीटर खोलीवर तापमान किती आहे, हा आकडा या हिमनदीच्या अभ्यासात कळीचा आहे. त्याहून खोल, त्याहून ऊबदार पाणी बाहेर कितीही असलं तरी उंचवटा त्याला थोपवतो.

तीन अंश म्हणजे काय

"तीन अंशांचं पाणी ऊबदार?" हा प्रश्न येणारच होता. ठाण्यात जानेवारीच्या पहाटे पारा पंधराच्या खाली गेला की आपण कुडकुडतो. पण इथे विचारायचं ते हे, की हे पाणी बर्फाच्या वितळणबिंदूच्या किती वर आहे.

समुद्राच्या पाण्यात हा बिंदू शून्यावर नसतो, मिठामुळे तो पृष्ठभागाजवळ उणे १.९ अंशांच्या आसपास येतो. खोलीबरोबर दाब वाढतो तसा तो आणखी उतरतो, हजार मीटरला साधारण पाऊण अंश. म्हणजे ८०० मीटर खोलीवर तो उणे अडीचच्या जवळ असतो. १.७ अंशांचं पाणी त्याच्यापेक्षा चार अंशांनी वर, ३.३ अंशांचं पावणेसहा अंशांनी. वितळवण्याची ताकद दोन-तीन वर्षांत चाळीस टक्क्यांच्या आसपास वाढली असं समजा. प्रत्यक्षातला हिशेब याहून गुंतागुंतीचा आहे, पण दिशा हीच.

बर्फ वितळवायला उष्णता फार लागते. शून्य अंशाचा एक किलो बर्फ वितळवायचा तर ८० किलो पाणी एक अंशाने थंड व्हावं लागतं. त्यामुळे पाणी नुसतं ऊबदार असून भागत नाही, ते सतत बर्फाला येऊन भिडावं लागतं. इथे हवेचा वाटा पुन्हा येतो आणि बाईंचं म्हणणंही अर्ध्याने खरं ठरतं. पृष्ठभागावर वितळून तळाशी गेलेलं गोडं पाणी हिमनदीच्या तोंडाखालून, शेकडो मीटर खोलीवर, फ्योर्डमध्ये बाहेर पडतं. गोडं असल्यामुळे ते हलकं असतं आणि बर्फाच्या भिंतीला लागून जोरात वर उसळतं. वर जाताना ते आजूबाजूचं ऊबदार खारं पाणी ओढून भिंतीवर आणतं. म्हणजे उन्हाळा जितका कडक, तितका समुद्राचा मारा अधिक. हवा आणि समुद्र अशी वेगळी खाती मांडून हा हिशेब लागत नाही.

आता तरंगत्या टोकाकडे येऊ. तो बर्फ आधीच पाण्यावर तरंगत होता, त्यामुळे तो वितळल्याने समुद्राची पातळी जवळजवळ बदलली नाही. पण ते टोक फ्योर्डच्या दोन्ही कडांना घासत होतं आणि मागच्या बर्फाला अडवून धरत होतं. १९९७ नंतर ते खालून पातळ होत गेलं, त्याला भेगा पडल्या, आणि ते तुटल्यावर मागचा आधार गेला. जमिनीवर टेकलेला बर्फ वेगाने समुद्राकडे सरकू लागला, आणि पातळी वाढते ती या बर्फामुळे.

पुढची अडचण तळाच्या उताराची. या हिमनदीखालचा खडक समुद्रसपाटीच्या खूप खाली आहे आणि आत जावं तसा काही अंतरापर्यंत आणखी खोल होत जातो. हिमनदी मागे सरली की तिचं तोंड आधीपेक्षा खोल पाण्यात येतं. तिथे बर्फाची भिंत अधिक उंच असते, अधिक तुटते, आणि तोंड आणखी मागे जातं. २०१२ च्या उन्हाळ्यात तोंड अशाच एका खोलगट भागात होतं, तळ समुद्रसपाटीखाली सुमारे १३०० मीटर. त्या उन्हाळ्यात वेग दिवसाला ४६ मीटरपर्यंत गेला. वर्षाच्या हिशेबात तो १७ किलोमीटर होतो. म्हणजे ढकललं समुद्राने, पण इतक्या दूर नेलं ते तळाच्या उताराने.

२०१६ : पाणी थंड झालं तेव्हा

प्रकरण इथेच थांबलं असतं तरी ते पटण्यासारखं होतं. पण पुढे एक असा प्रयोग झाला, जो माणसाला मुद्दाम करता आला नसता. नासाच्या 'ओशन्स मेल्टिंग ग्रीनलंड' या मोहिमेत २०१६ ते २०२१ या काळात दर वर्षी विमानातून ग्रीनलंडभोवतीच्या समुद्रात मापकं टाकली गेली. त्यांनी आणि इतर नोंदींनी दाखवलं, की डिस्को उपसागरात २५० मीटरवरचं पाणी जवळपास दोन अंशांनी थंड झालं आहे. १९८० च्या दशकानंतर इतकं थंड पाणी तिथे दिसलं नव्हतं. त्यासोबत हिमनदी मंदावली, तिचं तोंड पुढे सरकलं आणि तोंडाजवळचा बर्फ वर्षाला वीस ते तीस मीटरने जाड होऊ लागला. अला खझेंदार आणि सहकाऱ्यांनी हे २०१९ मध्ये प्रसिद्ध केलं.

बातम्यांत याचा सूर 'हिमनदी सावरली' असा लागला. आमच्या गटातल्या एका मुलानेही तसंच विचारलं. मला ती बातमी दिलासा देणारी वाटत नाही. या हिमनदीवर समुद्राची पकड आपण धरून चाललो होतो त्याहून घट्ट आहे, हे तिने सिद्ध केलं. दोन अंशांनी पाणी उतरलं की वर्षभरात फरक दिसतो, याचा अर्थ दोन अंशांनी चढलं तरीही वर्षभरातच दिसेल. शिवाय ते थंड होणं उत्तर अटलांटिकमधल्या त्याच नैसर्गिक चढउतारामुळे होतं, ज्याने १९९७ मध्ये ऊबदार पाणी आणलं होतं. चढउतार येतजात राहतो. ज्या पातळीभोवती तो होतो ती मात्र वर सरकते आहे, कारण माणसाने वाढवलेल्या उष्णतेतला ९० टक्क्यांहून अधिक भाग समुद्रात साठतो आहे. आणि जाड होत असतानाही या हिमनदीतून समुद्रात जाणारा बर्फ तिच्यावर पडणाऱ्या बर्फापेक्षा जास्तच होता. तोटा चालू होता, फक्त कमी वेगाने.

पश्चिम अंटार्क्टिकामधल्या थ्वेट्स हिमनदीची रचना अशीच आहे : खालून येणारं ऊबदार खोल पाणी आणि आत खोल होत जाणारा तळ. तिच्या एकटीच्या बर्फात जगभरची समुद्रपातळी सुमारे ६५ सेंटिमीटरने वाढवण्याची क्षमता आहे. तिच्यासाठी ३० वर्षांच्या कोळंबीच्या नोंदी नाहीत.

मोजायचं कसं

याकोबशाव्हनच्या फ्योर्डमध्ये तुटक्या बर्फाची इतकी दाटी असते, की तोंडापर्यंत बोट नेता येत नाही. म्हणून संशोधकांनी हेलिकॉप्टरमधून मापकं सोडली, आणि रिंग्ड सीलच्या अंगावर तापमान व खारटपणा नोंदवणारी छोटी यंत्रं बसवली. सील बुडी मारतो, बर्फाखाली फिरतो, वर आल्यावर यंत्र नोंदी उपग्रहाकडे पाठवतं. नाखवांना हे फार आवडलं.

आपल्या देशाचंही अशा फ्योर्डमध्ये यंत्र आहे, हे मात्र गटात कुणालाच ठाऊक नव्हतं. नॉर्वेच्या उत्तरेकडच्या स्वालबार्ड बेटांवर न्यू ओलेसुंड इथे २००८ पासून भारताचं 'हिमाद्री' हे संशोधन केंद्र आहे. त्याच्या समोरच्या काँग्सफ्योर्डमध्ये २०१४ साली भारतीय शास्त्रज्ञांनी 'इंडआर्क' ही वेधशाळा पाण्याखाली नांगरली, सुमारे १९२ मीटर खोलीवर. अटलांटिकचं ऊबदार पाणी तिथेही शिरतं, आणि त्या फ्योर्डच्या टोकालाही समुद्रात उतरणाऱ्या हिमनद्या आहेत. शाळेच्या पुस्तकात हिमाद्रीचं नाव एका ओळीत येतं. तिथे नेमकं काय मोजतात तेही मुलांना सांगितलं पाहिजे, असं बाई म्हणाल्या, आणि ते अगदी योग्य आहे.

ठाण्याच्या खाडीपर्यंत

अभियंता साहेब बराच वेळ गप्प होते. शेवटी त्यांनी विचारलं, "मिलिमीटरमध्ये सांगा."

१९९२ ते २०२० या काळात सगळ्या ग्रीनलंडने मिळून सुमारे ४९०० अब्ज टन बर्फ गमावला. जगभरच्या समुद्रपातळीत त्याची भर सुमारे १३.५ मिलिमीटर. आकडा लहान वाटतो. पण अंटार्क्टिका, डोंगरांवरच्या हिमनद्या आणि तापून फुगणारं समुद्राचं पाणी धरलं, तर २००६ ते २०१८ मध्ये सरासरी वाढ वर्षाला ३.७ मिलिमीटर होती, आणि ती वेग घेते आहे. १९०१ पासून २०१८ पर्यंतची एकूण वाढ सुमारे २० सेंटिमीटर. समुद्रात शिरलेली उष्णता पातळी दोन वाटांनी वाढवते : पाणी फुगवून, आणि किनाऱ्यावरच्या हिमनद्यांचा पाया वितळवून.

एक गोष्ट ऐकून सगळेच चकित झाले. ग्रीनलंडचा बर्फ कमी झाला की ग्रीनलंडच्या आसपास, साधारण दोन हजार किलोमीटरच्या आत, समुद्राची पातळी खाली जाते. इतक्या मोठ्या बर्फाचं गुरुत्वाकर्षण भोवतालचं पाणी स्वतःकडे ओढून धरत असतं. बर्फ घटला की ओढ घटते आणि ते पाणी दूर पसरतं. त्या बर्फाच्या पाण्याचा पूर्ण वाटा दूरच्या किनाऱ्यांना मिळतो, इलुलिसाटला नाही. आपण त्या दूरच्यांत आहोत.

साहेबांनी मग नवी मुंबईचा हिशेब फळ्यावर मांडला. वाशी, नेरुळ, बेलापूरचे बरेच भाग भरतीच्या पातळीपेक्षा खाली आहेत, म्हणून डच पद्धतीचे होल्डिंग पाँड बांधले गेले. खाडीचं पाणी चढलं की झडपा आपोआप बंद होतात, पावसाचं पाणी पाँडमध्ये साठतं, ओहोटीला झडपा उघडून निचरा होतो. उधाणाच्या दिवशी खाडीचं पाणी सहा तासांत साधारण चार मीटर चढतं. समुद्र २० सेंटिमीटरने वर असेल तर झडप दहा ते वीस मिनिटं आधी बंद होईल आणि तितकीच उशिरा उघडेल. एका भरतीला निचऱ्याची वीस ते चाळीस मिनिटं जातील, दिवसाच्या दोन भरत्यांना त्याच्या दुप्पट. जुलैच्या मुसळधार पावसात तेवढ्या वेळात किती पाणी जमतं हे ते स्वतः पाहत आले आहेत. आणि गाळ भरलेल्या पाँडमध्ये ते साठवायला जागा आधीच कमी आहे.

झडपा प्रत्यक्ष कधी बंद होतात आणि कधी उघडतात, याची तारीखवार नोंद कुठे ठेवली जाते का, हे त्यांनी या पावसाळ्याआधी शोधायचं ठरवलं आहे. नसेल तर निदान एका पाँडवर ती सुरू करायची. नाखवांनी उधाणाच्या (मोठ्या भरतीच्या) आणि भांगाच्या (लहान भरतीच्या) दिवसांची यादी करून द्यायचं कबूल केलं आहे, आणि कॉलेजची मुलं पाळीपाळीने काठावर बसायला तयार आहेत.